लेकीची गालफुगी, माझा थायरॉईड

गड्ड्याची जत्रा चालू असताना सोलापुरातल्या पोरांना घरात बसवून ठेवणं कुणालाच जमत नाही. आमची लेक सात वर्षांची, गेल्या वर्षी जानेवारीत होम मैदानावर तीनदा जाऊन आली, एकदा आमच्याबरोबर, एकदा मामाबरोबर आणि एकदा शेजारच्या पोरांच्या घोळक्यात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी उठली ती एक गाल फुगवूनच. मला वाटलं तोंडात काहीतरी धरलंय, म्हटलं आधी थुंक ते. ती रडायलाच लागली. संध्याकाळपर्यंत दुसरा गालपण फुगला, ताप चढला, सासूबाईंनी लांबूनच बघून सांगितलं, गालफुगी आहे ही.

गालफुगी म्हणजे गालगुंड, डॉक्टर लोक मम्स म्हणतात. मला तर वाटत होतं की हिचं लसीकरण सगळं झालंय, कार्ड पूर्ण भरलेलं आहे. मग कळलं की सरकारी लसीकरणात एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला, त्यात गालगुंडाची लसच नाही, ती हवी असेल तर एमएमआर खासगीत पैसे भरून घ्यायची. हे मला सात वर्षात कुणी सांगितलं नाही आणि मीपण कधी विचारलं नाही. असो. आंबेहळदीचा लेप, पातळ वरणभात, आठ-दहा दिवसात पोरगी बरी झाली आणि उड्या मारायला लागली.

मग अठरा दिवसांनी माझा नंबर. आईला फोन केला, मला लहानपणी आलती का गं गालफुगी? ती म्हणाली, तुझ्या भावाला आलती, तुला मामाकडं पाठवलं होतं तेव्हा. म्हणजे मला वाचवलं होतं आणि तेच छत्तीसाव्या वर्षी अंगाशी आलं. मोठ्या माणसाला हे लहान मुलांपेक्षा जास्त त्रास देतं, सहा दिवस मी फक्त पाणी आणि पेजेवर काढले. ऑफिसात सगळे हसले. मी एका युनिफॉर्मच्या कारखान्यात बिलिंग बघते, आमच्याकडून शाळांचे शर्ट, पॅन्ट, फ्रॉक महाराष्ट्रभर आणि बाहेरपण जातात. शेठ म्हणाले, ताई, आठ दिवस या नका, शिलाईवाल्या बायकांना लागलं तर सीझन बुडेल.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं होतं. खरी गंमत मार्चच्या शेवटी सुरू झाली.

गळ्यात पुढच्या बाजूला, उजवीकडं, दुखायला लागलं. गिळताना दुखायचं म्हणून मला घसा वाटला, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही घसाच वाटला, अँटिबायोटिक दिलं पाच दिवस. काही फरक नाही. मग दुखणं कानाकडं आणि जबड्याकडं सरकलं, तर कुणीतरी म्हणालं दाढ असेल. गेले दाताच्या डॉक्टरकडं, एक्स-रे काढला, खालची अक्कलदाढ आडवी आहे काढून टाकू म्हणाले, तारीखपण दिली. तारखेच्या दोन दिवस आधी उजवीकडचं दुखणं कमी झालं आणि डावीकडं सुरू झालं! दाढ काय कूस बदलत नाही एवढं मलाही कळतं, मी ती तारीख रद्द केली. (दाढ अजून जागेवर आहे, काही म्हणत नाही.)

दुखणं किती, तर ओढणी गळ्याला लागली तरी कळ यायची. मंगळसूत्राच्या वाट्या जिथं टेकतात त्याच्या वरच सगळी सूज, चालताना त्याचा धागा हलला तरी डोळ्यात पाणी. शेवटी ते काढून पर्समध्ये ठेवलं. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत, फक्त बघायच्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, नको घालूस गं, मी काय पोलीस आहे का.

आणि त्याच वेळी बाकीचं सुरू झालं होतं ते मला कळलंच नाही, कारण एप्रिल लागला होता. घाम यायचा, तर सोलापुरात एप्रिलमध्ये घाम कुणाला येत नाही. झोप नाही, तर पत्र्याची खोली, रात्री बारा वाजता पण भिंत गरम. शेजारच्या अक्कांना म्हटलं लई घाम येतोय हो, तर त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच येऊलालाय. वजन एकसष्टवरून पंचावन्नवर आलं, तर लोक म्हणाले छान बारीक झालीस, काय खातेस. युनिफॉर्मचा सीझन एप्रिल ते जून, शाळा उघडायच्या आधी सगळा माल जायला पाहिजे, म्हणजे धावपळ असतेच, छाती धडधडली तर मला वाटायचं टेन्शन. पण एके दिवशी मी दोनशे चाळीस शर्टाचं बिल चारशे वीस शर्टाचं केलं. पंधरा वर्षात असली चूक मी केलेली नाही. आकडे टाईप करताना बोटं थरथरत होती, एक दाबायला जावं तर शेजारचं बटण दाबलं जायचं. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीची बहीण लॅबमध्ये आहे, ती म्हणाली, ताई नाडी बघू. बसल्या जागी एकशे अठरा.

रक्त तपासलं, रिपोर्ट आला, टीएसएच ०.०२. टीएसएच म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला काम कर म्हणून डोक्यातून येणारी ऑर्डर. नॉर्मल साधारण ०.४ ते ४.५ च्या आसपास असतो, आणि हा जितका खाली तितकं थायरॉईडचं हार्मोन रक्तात जास्त, हे उलटं गणित डोक्यात बसायलाच मला महिना लागला. टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, वाढलेलं. ज्यांच्याकडं गेले होते त्यांनी रिपोर्ट बघितला, हायपर आहे, म्हणजे थायरॉईड जास्त, असं म्हणाले आणि ते कमी करणारी कार्बिमाझोलची गोळी चालू केली. गळ्याला हात लावून कुणी बघितलं नाही. मीपण गळ्याचं मुद्दाम सांगितलं नाही, मला तो वेगळा आजार वाटत होता, घसा वेगळा आणि थायरॉईड वेगळा. नऊ दिवस त्या गोळ्या घेतल्या.

मग एका हार्मोनवाल्या डॉक्टरांकडं गेले, एंडोक्रायनॉलॉजिस्ट. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, मागं उभे राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला, आणि मी अशी ओरडले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दीड-दोन महिन्यात काही व्हायरल आजार झालेला का? मी म्हटलं गालफुगी. ते हसलेच. म्हणाले, अगदी पुस्तकातली केस आहे.

ईएसआर, म्हणजे अंगात सूज किती ते दाखवणारी रक्ताची तपासणी, ९२ आला, खूपच जास्त. आजाराचं नाव सबअक्यूट थायरॉयडायटिस, डी केर्व्हेन नावाच्या स्विस सर्जनच्या नावानंपण ओळखतात, त्यानं १९०४ मध्ये याचं नीट वर्णन केलेलं. व्हायरल आजार होऊन गेला की साधारण दोन ते आठ आठवड्यांनी ही थायरॉईडची ग्रंथी सुजते आणि दुखते, दुखणं एका बाजूकडून दुसरीकडं सरकतं, कानात जबड्यात जातं. म्हणजे ती दाढ! आणि गालगुंडाचं नाव यात जुनं आहे. १९५७ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी गालगुंडाच्या साथीत असे पेशंट बघून लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिलं होतं. इन्फ्लुएन्झा, कॉक्सॅकी, एडिनो असे बरेच व्हायरस यात संशयित आहेत, आणि २०२० मध्ये कोविडनंतरची पहिली केस इटलीतल्या पिसामधून आली, अठरा वर्षांची मुलगी होती. मला हे सगळं ऐकून विचित्र बरं वाटलं. इतके दिवस मी घसा, दाढ, टेन्शन, उन्हाळा करत फिरत होते, सगळ्याला मिळून एक नाव निघालं.

कार्बिमाझोल बंद का केलं ते त्यांनी माझ्याच धंद्यातलं उदाहरण देऊन सांगितलं. थायरॉईडमध्ये दोन-तीन महिने पुरेल एवढं हार्मोन साठवलेलं असतं, म्हणजे गोडाऊन समजा. ग्रेव्हज नावाचा आजार असेल तर कारखान्यात मशिनी जास्त चालतात, तिथं कार्बिमाझोल मशीन बंद करतं. तुमच्यात मशीन जास्त चालतच नाहीये, गोडाऊनची भिंत पडलीय आणि माल रस्त्यावर आलाय, मशीन बंद करून काय होणार. मग धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल आणि सुजेसाठी स्टेरॉइड, हळूहळू कमी करत दीड महिना. स्टेरॉइडचं नाव ऐकून मी घाबरले होते, पण खरं सांगते, सकाळी पहिली गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कडक भाकरी शेंगाचटणी खाल्ली, दुखलं नाही. रडू आलं मला भाकरी खाताना. (कुणी हे वाचून स्वतःहून स्टेरॉइड घेऊ नका, डॉक्टरांनी ईएसआर आणि शुगर बघून दिलेलं.)

ते म्हणाले, आता पुढं काय होईल ते ऐका. माल सांडून संपला की गोडाऊन रिकामं, मग काही महिने उलटं होईल, हार्मोन कमी पडेल, आणि मग बहुतेकांचं आपोआप पूर्ववत होतं. बहुतेकांचं. मी तो शब्द तेव्हा नीट ऐकला नाही.

जूनमध्ये टीएसएच ६, ऑगस्टमध्ये ३८. पावसाळ्यात मी स्वेटर घालून ऑफिसला जात होते. केस पुंजक्यानं गळायचे, आवाज घोगरा, गेलेलं वजन व्याजासकट परत. पन्नासची गोळी सुरू झाली, लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडलेलं थायरॉईडचं हार्मोन बाहेरून, उपाशीपोटी, नंतर निदान अर्धा-पाऊण तास चहापण नाही. चहा नाही म्हणजे काय ते सकाळी उठणाऱ्या बाईलाच कळेल. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी पहाटे कधी रात्री, तर पाण्याच्या दिवशी माझं असं ठरलं की मोटार चालू करायची, गोळी घ्यायची, टाकी बॅरल घागरी सगळं भरून होईपर्यंत वेळ भरतो, मग चहा. बाकीच्या दिवशी तो वेळ जाता जात नाही. आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तास लांब, नाहीतर ही गोळी अंगाला लागतच नाही.

त्याच वेळी अँटी टीपीओ केलं, ४१२ आलं, जिथं पस्तीसच्या आत पाहिजे. म्हणजे माझंच शरीर माझ्याच थायरॉईडविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय. याचं नाव हाशिमोटो, १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोटो नावाच्या सर्जननं चार बायकांच्या गाठी मायक्रोस्कोपखाली बघून लिहिलं होतं, त्या माणसाला तेव्हा हे अँटिबॉडीचं प्रकरण माहीतच नव्हतं, ते कळलं १९५६ साली.

मी लगेच हिशोब मांडला. गड्डा, गालफुगी, सूज, हाशिमोटो. एका रेषेत. डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे व्हायरसमुळं झालं ना हे? मला हो ऐकायचं होतं. ते म्हणाले, अर्धं हो. गळा दुखला सुजला ते बहुतेक व्हायरसमुळं, त्यात माझी फारशी शंका नाही. पण हाशिमोटो वेगळा आजार आहे. सुजेनंतर अँटिबॉडी थोड्या दिवसांसाठी वाढूनही जातात, ग्रंथी फुटली की आतला माल रक्तात येतो आणि शरीराला तो अनोळखी वाटतो. सहा महिन्यांनी परत बघू, उतरल्या तर प्रश्न मिटला.

सहा महिन्यांनी ६५५. सोनोग्राफीत ग्रंथी ठिकठिकाणी कुरतडल्यासारखी. गोळी निम्मी करून बघितली, दीड महिन्यात टीएसएच २१. विषय संपला, गोळी कायमची.

मग मी खनपटीलाच बसले. व्हायरस असं करू शकतो की नाही एवढं सांगा. तर परत युनिफॉर्म आला. समजा दोन शाळांचे युनिफॉर्म जवळजवळ सारखे आहेत, एका शाळेच्या पोरांनी दगडफेक केली, वॉचमनला सांगितलं निळ्या चौकटीचा शर्ट दिसला की धर, तर तो दुसऱ्या शाळेचं गरीब पोरगंपण धरणार. व्हायरसचा एखादा तुकडा आणि थायरॉईडचा एखादा तुकडा असा सारखा दिसू शकतो. (आमच्याकडं निळ्या चौकटीचे तीन शेड आहेत आणि दरवर्षी एक तरी शाळा दुसरीचा माल घेऊन जाते, त्यामुळं मला हे लगेच पटलं.) दुसरं म्हणजे नुसता दंगा. व्हायरस आला की शरीर इंटरफेरॉन नावाचं लढाईचं रसायन सोडतं, आणि त्या गोंधळात आपल्याच अंगावर उलटणाऱ्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात. याचा पुरावा चांगला आहे, हिपॅटायटिस सी ला पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे तेव्हा बऱ्याच पेशंटना थायरॉईडचा त्रास सुरू झाला होता. हिपॅटायटिस सी चं स्वतःचं नाव पण या यादीत बऱ्यापैकी वर आहे. एपस्टीन-बार व्हायरसचं पण घेतात, पण तो जगातल्या जवळजवळ सगळ्याच मोठ्या माणसांच्या अंगात आयुष्यभर पडून असतो. जो चोर प्रत्येक घरात राहायलाच आहे त्यानं ह्याच घरात चोरी केली हे सिद्ध कसं करणार. आणि आजार कळेपर्यंत बाकीचे व्हायरस केव्हाच निघून गेलेले असतात, अँटिबॉडी मात्र आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून असू शकतात.

हे शेवटचं वाक्य मला लागलं. घरी आले आणि कपाटावरची बाळंतपणाची फाईल काढली. लेकीच्या वेळची, आठ वर्षांपूर्वीची. तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट, टीएसएच ५.२, पेनानं गोल केलेला. आणि मला आठवलं की तेव्हा थायरॉईडची पंचवीसची एक छोटी गोळी होती, मी बाळंतपण झाल्यावर स्वतःच बंद केली होती, की आता कशाला. डिस्चार्जच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, सहा आठवड्यांनी टीएसएच. मी गेलेच नाही. बाळ रडतंय, दूध पुरत नाहीये, कोण जातंय. त्यानंतर वर्षभर मी थकलेली असायची, केस गळायचे, सगळे म्हणायचे ओली बाळंतीण आहे, असंच असतं.

फाईल घेऊन मी आईला फोन केला, तर आई म्हणाली, तुझ्या मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालतं की. आणि मग बोलता बोलता आजी निघाली. माझी आजी, आईची आई, भवानी पेठेत राहायची, मे महिन्यात अंगावर चादर घेऊन झोपायची. सोलापुरी चादर, जाड, मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत! आम्ही नातवंडं हसायचो, तिची चादर ओढून पळायचो. तिचा आवाजपण असाच घोगरा होता, चेहरा सुजट, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला वेळ लागायचा. घरातले म्हणायचे म्हातारी वाऱ्यावर गेलीय. तिची कधीच कुठली तपासणी झाली नाही, त्यामुळं मी हे छातीठोक सांगू शकत नाही. पण ऑगस्टमध्ये मी स्वेटर घालून आरशासमोर उभी होते तेव्हा मला ती दिसली होती, कारण मात्र तेव्हा कळलं नव्हतं.

डॉक्टरांना फाईल दाखवली. ते म्हणाले, बघा, आता चित्र बदललं. हे तुमच्या घरात आहे, बाळंतपणात एकदा डोकं वर काढलेलं, नंतर बहुधा मुकाट चालू होतं. गालफुगी आली नसती तर अजून पाच-दहा वर्षं लागली असती किंवा कधीच एवढं झालं नसतं, किंवा पुढच्याच वर्षी झालं असतं. ज्या ग्रंथीत आधीच ताकद कमी होती तिला एक जोराचा धक्का बसला. मी विचारलं, मग ट्रिगर म्हणायचं की नाही? ते म्हणाले, बंदुकीत गोळी आधीपासून होती, चाप कुणी ओढला ते तुम्ही ठरवा, मी कागदावर फक्त हाशिमोटो लिहितो.

मला हे अर्धवट उत्तर आधी अजिबात आवडलं नव्हतं. लेकीकडून आलं असं म्हणायला कसंतरी वाटायचं, आणि व्हायरसकडून आलं म्हणायला बरं वाटायचं, आणि दोन्ही एकच होतं. एकदा लेकीनं कुणाला तरी सांगताना ऐकलं, माझ्यामुळं मम्मीला गोळी लागली. तिला जवळ घेऊन फाईल दाखवली, म्हटलं हे बघ, तू पोटात होतीस तेव्हापासून आहे. तर ती म्हणाली, म्हणजे तेव्हापण माझ्यामुळंच. काय बोलणार.

धाकट्या बहिणीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं, बार्शीत असते, आता त्यांचं बाळाचं चाललंय. मी तिच्या मागं लागून तपासणी करायला लावली. टीएसएच २.९, एकदम नॉर्मल. अँटी टीपीओ २८०. तिला गालफुगी कधी झालेली नाही, माझं सगळं चालू होतं तेव्हा ती सोलापूरला आलेलीच नव्हती, कोविडमध्ये पण सर्दीवर निभावलं होतं. तिनं फोनवर विचारलं, मग मला कधी होणार? मी डॉक्टरांकडून ऐकलेलं सांगितलं, इंग्लंडमध्ये व्हिकम म्हणून एक भाग आहे, तिथल्या लोकांना वीस वर्षं बघितलं, तर नुसत्या अँटिबॉडी असलेल्या बायकांत दरवर्षी शंभरात साधारण दोघींना हायपो, म्हणजे थायरॉईड कमी, झालं, म्हणजे बाकीच्या अठ्ठ्याण्णव त्या वर्षी तशाच राहिल्या. वर्षातून एकदा टीएसएच, आणि दिवस राहिले की लगेच.

थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तायडे, आजीची ती चादर आईकडं आहे का गं अजून?

आहे म्हटलं, पेटीत. निळी, मोराची नक्षी असलेली.

यायच्या रविवारी येते म्हणाली, आणि येताना गालफुगीची लस मिळते का ते विचारून ठेव, दिवस राहायच्या आधी घ्यावी लागते म्हणे, मी इंटरनेटवर बघितलंय.

ते मात्र तिचं बरोबर होतं. ती लस गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान एक महिना थांबावं लागतं.